क्यू खुळखुळतेय? आधी फेविक्विक खाली ठेवा

स्वतःची स्नूकरची क्यू, म्हणजे खेळायची काठी, घेऊन दोन-तीन महिने झालेले असतात. ब्रिज करणारा, म्हणजे टेबलावर क्यूला आधार देणारा, हात जरा स्थिर व्हायला लागलेला असतो. आणि एका संध्याकाळी लांबचा रेड, म्हणजे लाल बॉल, मारताना ठोक्याच्या मागोमाग कुठूनतरी बारीक ‘टर्र’ ऐकू येतं. पुन्हा मारून बघता, पुन्हा टर्र. त्यानंतर रेड पॉकेटमध्ये गेला काय आणि राहिला काय, कान त्या आवाजालाच चिकटलेला असतो.

हॉलमध्ये ही गोष्ट मोठ्याने बोललात की संपलं. एक जण म्हणतो टिप बदल. दुसरा म्हणतो जॉइंट गेला. तिसरा तुमच्या हातातून क्यू घेतो, कानाशी धरून हलवतो आणि डॉक्टरसारखं तोंड करून परत देतो. हॉल सांभाळणारा मार्कर म्हणतो, “पावसाळा आहे साहेब, वाजणारच.” माझ्या पहिल्या क्यूच्या वेळी मी या सगळ्यांचं ऐकलं. दोनदा टिप बदलली. मग घरी बसून बटाच्या, म्हणजे क्यूच्या जाड मागच्या भागाच्या, टोकाला, जिथे मिनी-बट (मागे जोडायचा छोटा तुकडा) आत जातो तिथल्या आट्यांवर फेविक्विक सोडलं आणि झाकणाचा स्क्रू कायमचा घट्ट करून टाकला. खडखड तशीच राहिली. ती येत होती आतल्या वजनाच्या बोल्टमधून, आणि त्या बोल्टपर्यंत जायचा एकमेव रस्ता मी स्वतःच्या हाताने बंद केला होता. पुढे एका दुरुस्तीवाल्याने लेथवर ते पितळ कोरून काढलं. त्याचे पैसे टिपांच्या खर्चापेक्षा बरेच जास्त झाले.

म्हणून या लेखात गोंद फार उशिरा येतो. आवाज शोधायला अर्धा तास द्या. सापडल्यावर बहुतेक दुरुस्त्या दहा मिनिटांच्या असतात, आणि निम्म्यांत गोंद लागतच नाही.

क्यूच्या पोटात काय काय असतं

ज्यांनी अजून क्यू उघडून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी टोकापासून शेपटीपर्यंत एक फेरी मारू. सगळ्यात पुढे चामड्याची टिप, साधारण साडेनऊ-दहा मिलिमीटर रुंद. ती चिकटवलेली असते फेरूलवर, म्हणजे लाकडाच्या टोकावरच्या पितळी टोपीवर. मग शाफ्ट, म्हणजे क्यूचा लांब बारीक दांडा, बहुतेक वेळा ॲश लाकडाचा, कधी मेपलचा. मागे काळ्या एबनी लाकडाचे लांब सुळके शाफ्टमध्ये घुसलेले दिसतात, त्याला स्प्लाइस म्हणतात. बटाच्या एका बाजूला लाकूड सपाट तासलेलं असतं, तिथे बनवणाऱ्याचा बिल्ला. आणि अगदी शेवटी रबर किंवा पितळी झाकण.

क्यू एकसंध असेल तर जॉइंट नाही. दोन सारख्या तुकड्यांची असेल तर जॉइंट मधोमध असतो. आजकाल सर्वाधिक दिसते ती ‘थ्री-क्वार्टर’, तिचा जॉइंट बटाकडून साधारण चौथ्या हिश्शावर असतो. याशिवाय बटाच्या टोकाला मिनी-बट आणि क्यू लांबवणारं एक्स्टेन्शन जोडण्यासाठी पितळी आटे असतात. त्यांच्याही आत, लाकडात पाडलेल्या भोकात, वजन दडलेलं असतं. कधी आट्यांचा बोल्ट, कधी शिशाची कांडी. तुमची क्यू १८ औंसाची, म्हणजे साधारण ५१० ग्रॅमची असेल, तर त्यातलं थोडं वजन लाकडाचं नसून या धातूचं असतं.

थोडक्यात, जिथे जिथे धातू लाकडात बसवलाय तिथे तिथे खडखडीचा संशयित बसलाय. लाकूड दमट हवेत फुगतं, एसीत आक्रसतं. पितळ मात्र ढिम्म असतं. मुंबईत जुलैमध्ये फलाटावरच्या हवेतून थेट एसी हॉलमध्ये आणि रात्री परत, असं रोज चाललं की दोघांमधल्या गोंदाची पकड हळूहळू सुटत जाते. गंमत म्हणजे हा खेळच मुळात पावसाळ्यातला मानतात. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, बाहेर पाऊस पडत असताना, कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवले आणि स्नूकर जन्माला आलं, असं सांगितलं जातं. तेव्हाच्या क्यूही दमट हवेत कुरकुरल्याच असतील.

पहिली पायरी: क्यू सोडून बाकी सगळं गप्प करा

हसू नका, पण क्यूच्या तक्रारीत क्यू निर्दोष निघते असं बरेचदा होतं. हातातलं कडं, घड्याळाचा सैल पट्टा, अंगठी, शर्टाचं बटण, गळ्यातली साखळी, खिशातल्या किल्ल्या. स्नूकरमध्ये हनुवटी क्यूला आणि छाती क्यूच्या बाजूला लागते, त्यामुळे अंगावरचं काहीही क्यूला घासू शकतं. सगळं काढून टेबलाच्या कडेला ठेवा आणि तोच शॉट मारा.

आवाज राहिला तर तुमची क्यू दुसऱ्याला द्या आणि तुम्ही हॉलची क्यू घेऊन त्याच जागेवरून मारा. हॉलच्या क्यूनेही टर्र आलं तर आवाज टेबलाचा आहे, सैल झालेल्या पॉकेटच्या पट्टीचा किंवा बॉल परत येणाऱ्या तारेच्या जाळीचा. मग मार्करला सांगा आणि चहा प्या, तुमचं काम झालं.

एक्स्टेन्शन लावून वाजत असेल तर तक्रार करू नका. सरकवायचं एक्स्टेन्शन थोडं वाजतंच. ते काढूनही वाजतं का, एवढंच पाहायचं.

दुसरी पायरी: आवाजाची जात ओळखा

बाजारात नारळ घेताना आपण कानाशी धरून हलवतो, पाणी आहे का ते बघतो. मडकं घेताना टिचकी मारतो, बद्द वाजलं की खाली ठेवतो. क्यूला हेच दोन प्रयोग करायचे, आणि वेगवेगळे करायचे, कारण दोन्ही वेगळं सांगतात.

आधी नारळ. क्यू उभी धरा, मग हळूच आडवी करा, मग उलटी करा. ठोका नाही, झटका नाही, फक्त कलवा. आतून ‘टक’ असा सरकून थांबल्याचा आवाज आला तर आत काहीतरी मोकळं फिरतंय. तो बहुधा वजनाचा बोल्ट असतो. आवाज ‘सर्र’ असा वाळूसारखा असेल तर गोंदाचा तुटका कण किंवा लाकडाचा भुसा आहे. हा सगळ्यात सोपा रोग.

मग मडकं. क्यू शाफ्टच्या वरच्या तिसऱ्या भागाशी दोन बोटांच्या चिमटीत लटकती धरा, बट खाली. दुसऱ्या हाताच्या बोटाच्या सांध्याने बटापासून वरपर्यंत हलकेच ठोकत या. चांगल्या लाकडाचा आवाज स्वच्छ असतो, ‘टॉक’, आणि लगेच विरतो. कुठे ‘झिर्र’ अशी शेपटी राहिली तर पातळ धातूची वस्तू थरथरतेय: जॉइंटची पितळी बांगडी, फेरूल किंवा बिल्ला. एखाद्या जागी आवाज एकदम बद्द झाला तर तिथे लाकडाचा चिकटवलेला सांधा सुटलाय किंवा चीर आहे. ते गंभीर.

चांगल्या क्यूचा आवाज कसा असतो हेच माहीत नसेल तर हे सगळं व्यर्थ. चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्नूकर-बिलियर्ड्सच्या स्पर्धा होतात. तिथला हॉल विल्सन जोन्स यांच्या नावाचा आहे. मूळ पुण्याचे हे गृहस्थ १९५८ साली बिलियर्ड्सचे हौशी जागतिक विजेते झाले. एखाद्या सामन्याला जाऊन बसा आणि पाच मिनिटं डोळे मिटून फक्त ठोके ऐका. इतकी शांतता मुंबईत दुसरीकडे मिळणार नाही, आणि कोरडा, एकसंध ‘ठक’ एकदा कानात बसला की आपल्या क्यूतली खोट लगेच कळते.

तिसरी पायरी: एकेक तुकडा वेगळा करा

इथे नवशिके फसतात. लाकडाचे उभे तंतू आवाज लांबवर वाहून नेतात. खडखड असते बटात आणि ऐकू येते फेरूलपाशी, कारण तुमचा कान शॉटच्या वेळी पुढे असतो. मी दोनदा टिप बदलली ती याच चकव्यामुळे. म्हणून कानावर विसंबू नका, वजाबाकी करा.

मिनी-बट लावलेला असेल तर काढा आणि ठोकून पाहा. आवाज गेला? मग मिनी-बट किंवा त्याचे आटे. नाही गेला? आता मुख्य जॉइंट उघडा. दोन्ही तुकडे वेगवेगळे धरा आणि प्रत्येकावर नारळाचा आणि मडक्याचा प्रयोग करा. फक्त बट वाजला तर शोध एका हाताएवढ्या लाकडावर आला. फक्त शाफ्ट वाजला तर फेरूलकडे वळा. दोन्ही तुकडे सुटे असताना गप्प आणि जोडल्यावर वाजतात, तर गुन्हेगार जॉइंटच.

एकसंध क्यूला ही सोय नाही. तिथे दाबून गप्प करण्याची युक्ती वापरा. मित्राला बटावर हलकेच ठोकत राहायला सांगा आणि तुम्ही एकेक जागा मुठीत घट्ट आवळत जा: फेरूल, बिल्ला, स्प्लाइसची टोकं, बटाचं झाकण. ज्या जागेवर मूठ आवळताच झिर्र थांबतं ती जागा. बिल्ल्यावर मास्किंग टेपचा तुकडा दाबून चिकटवला तरी हेच कळतं.

अजून एक गॅरेजची युक्ती. मेकॅनिक लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावतात, तसा एक लाकडी पोळपाटाच्या लाटण्यासारखा काठीचा तुकडा क्यूवर टेकवा आणि दुसरं टोक कानामागच्या हाडाला. मित्र ठोकत असताना काठी इंचाइंचाने सरकवा. जिथे आवाज सगळ्यात टोकदार, तिथे मास्किंग टेपची खूण करा. हॉलमध्ये केलंत तर लोक बघतील. घरीच करा.

जॉइंट वाजत असेल तर

आधी मळ. जॉइंटच्या आट्यांमध्ये खडूची पूड, घाम आणि धूळ मिळून जो निळसर लगदा होतो तो दोन्ही तोंडं नीट भिडू देत नाही. कोरड्या जुन्या टूथब्रशने आटे घासा, आतल्या बाजूला कान साफ करायची काडी फिरवा. मग घट्ट जोडून ट्यूबलाइटसमोर आडवी धरा. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली तर तोंडं भिडलेली नाहीत, पुन्हा साफ करा. उजेड दिसत नसेल आणि तरी वाजत असेल तर मेणबत्तीचं टोक नर आट्यांवर दोन-तीनदा घासा. पांढरं मेणच घ्या. मेणाचा पातळ थर धातूच्या धातूवर वाजण्याला गादीसारखा आडवा येतो. तेल घालू नका. तेल लाकडात मुरतं आणि गोंदाची पकड सैल करतं.

प्लंबरची टेफ्लॉन टेप बरेच जण सुचवतील. निदानासाठी उत्तम आहे: आट्यांवर एकच फेरा गुंडाळा, जोडा, मारून बघा. आवाज गेला म्हणजे आटेच सैल. पण मुख्य जॉइंटवर ती कायमची ठेवू नका. टेपची जाडी सांध्याची तोंडं सूतभर अलग ठेवते आणि हाताला क्यू वेगळी लागते, दोन तुकड्यांची लागते.

आता खरा धोका. पितळी बांगडी किंवा आतला पिन लाकडातच सुटला असेल तर मेण काही करणार नाही. हे ओळखायला पेन्सिल पुरे. बांगडी आणि लाकूड यांच्या सांध्यावरून आडवी बारीक रेघ ओढा, अर्धी पितळावर, अर्धी लाकडावर. जॉइंट चार-पाचदा ताकद लावून घट्ट करा, सोडा. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर पितळ लाकडात फिरतंय. इथे थांबा. पातळ गोंद फटीत सोडायचा मोह होईल, पण पितळ तिरकं असताना चिकटलं तर क्यू कायमची वाकडी झाली. टेबलावर लोळवली की टोक उड्या मारायला लागेल. ही दुरुस्ती लेथवाल्याची आहे, तुमची नाही.

वजन खुळखुळत असेल तर

नवीन, मध्यम किमतीच्या क्यूमध्ये मी पाहिलेल्या खडखडींपैकी बहुतेक इथल्या. आणि हीच घरी निस्तरता येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कामाआधी दोन नोंदी करा. क्यू स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आडवी ठेवून वजन ग्रॅममध्ये लिहा. मग क्यू एका बोटावर तोलून ती जिथे समतोल राहते तिथे मास्किंग टेप लावा. दुरुस्तीनंतर हे दोन्ही आकडे परत जुळवायचे आहेत. पाच-सात ग्रॅमचा फरक नवशिक्याच्या हाताला कळत नाही, एक औंसाचा म्हणजे २८ ग्रॅमचा नक्की कळतो, आणि समतोल बोटभर मागे सरकला तर स्ट्रोकच बदलतो.

बटाच्या टोकाचं रबर किंवा झाकण काढा. ते फिरवून निघतं, फार जुनं असेल तर घड्याळाच्या उलट दिशेने कापडात धरून पिळा. आत मोबाइलच्या टॉर्चने बघा. पितळी आट्यांची नळी दिसेल, आणि तिच्या खोलवर एक बोल्टचं डोकं. त्यावर षटकोनी खाच असेल तर ॲलन की, सरळ चीर असेल तर लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर. घरचा छोटा पान्हा पोहोचत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर लांब पायाच्या ॲलन की सुट्या मिळतात. खाचेचं माप नक्की माहीत नसेल तर दोन-तीन मापांच्या घ्या, सैल की घालून फिरवली तर खाच गोल होते आणि मग बोल्ट निघता निघत नाही.

की घातल्यावर हलकेच घट्ट करायच्या दिशेने फिरवा. अजिबात जोर न लावता अर्धा-एक फेरा फिरला तर चोर सापडला. पण नुसता घट्ट करून सोडू नका, तो पंधरा दिवसांत परत सुटेल. पूर्ण बाहेर काढा. बटाचं टोक खाली करून तळहातावर ठोका, आतला भुसा आणि गोंदाचे खडे पडू द्या. माझ्या सध्याच्या क्यूमधून एकदा असाच जोंधळ्याच्या दाण्याएवढा पिवळट गोंदाचा मणी पडला होता. ‘सर्र’ आवाज त्याचा, ‘टक’ बोल्टचा. दोघांनी मिळून माझं डोकं खाल्लं होतं.

आता टेफ्लॉन टेप, आणि इथे ती कायमची चालते. बोल्टचं टोक स्वतःकडे करून घड्याळाच्या दिशेने दोन-तीन फेरे आट्यांवर ताणून गुंडाळा. उलट्या दिशेने गुंडाळलीत तर बोल्ट आत जाताना टेपचा बोळा होतो. बोल्टच्या पुढे भोकात पोकळी असेल आणि तो शेवटापर्यंत टेकत नसेल, तर बुचाचा छोटा तुकडा कापून आधी आत टाका. बूच दाबलं जातं, बोल्टला टेकू मिळतो, वजनात फरक नाममात्र. मग बोल्ट परत घाला. टेकल्यासारखा वाटला की अजून जेमतेम पाव फेरा, बस्स. तिथे भोकाभोवतीच्या लाकडाची भिंत पातळ असते. स्कूटरचं चाक आवळल्यासारखा जोर दिला तर बट उभा फाटतो.

रबर लावण्याआधी नारळाचा प्रयोग करा. गप्प? काट्यावर ठेवा, समतोल बघा, मग रबर.

टॉर्च मारल्यावर बोल्ट दिसलाच नाही, नुसतं लाकूड किंवा गोंदाचा थर दिसला, तर तुमच्या क्यूत शिशाची कांडी चिकटवून बंद केलेली आहे. ती सुटली असेल तर भोकातून एपॉक्सी ओतून बघू नका. गोंद कुठे जाऊन बसतो ते दिसत नाही, कांडी तिरकी अडकते, आणि मिनी-बटाचे आटे भरून जातात. हे मी अनुभवातून सांगतोय हे वर आलंच आहे. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, हेही ओघात.

फेरूल, बिल्ला आणि किरकोळ मंडळी

फेरूल सैल झाली की ठोक्याबरोबर ‘टिक’ येतं, खडखडीपेक्षा नखावर नख मारल्यासारखं. फेरूल कापडात धरून हलकेच पिळा. सूतभरही फिरली तर सैल. भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा मोठा करून फेरूलखालचं लाकूड आधी तपासा. तिथे उभी चीर असेल तर गोंदाला हात लावू नका, दुरुस्तीवाला थोडा शाफ्ट कापून नवी फेरूल बसवेल आणि क्यू काही मिलिमीटरने आखूड होईल. घाबरायचं कारण नाही, नियमाप्रमाणे क्यू फक्त तीन फुटांपेक्षा आखूड नको.

चीर नसेल तर लाकडावर मास्किंग टेप लावून झाका, शिवणाच्या सुईच्या टोकावर पातळ फेविक्विकचा एक थेंब घ्या आणि फेरूल-लाकडाच्या रेषेवर टेकवा. तो आपोआप आत ओढला जातो. वर आलेला लगेच पुसा. फेरूल पूर्ण निघून हातात आली तर जुना गोंद खरवडून अरल्डाइटसारखी सावकाश सुकणारी एपॉक्सी वापरा. दोन्ही नळ्यांमधून सारखं घ्या, नीट मळा, आणि पूर्ण २४ तास हात लावू नका. पावसाळ्यात तर नकोच. टिप मात्र बहुधा नवी बसवावी लागते.

टिपेबद्दल एकच. अर्धी सुटलेली टिप खडखडत नाही. ती ‘फत्त’ वाजते आणि पांढऱ्या बॉलला फिरकी लागत नाही. अंगठ्याच्या नखाने कडा उचलून बघा. उचलली गेली तर टिप बदला, नाहीतर तिला सोडा.

बिल्ला सुटला असेल तर दात कोरायच्या काडीने कडेखाली गोंदाचा ठिपका सरकवा, मेणकागद ठेवून कपड्याच्या चिमट्याने दाबा. झालं.

स्प्लाइस मात्र वेगळी. बटाजवळच्या एबनीच्या सुळक्यांवर टिचकी मारून आवाज बद्द आला, किंवा नखाला काळ्या-पांढऱ्या लाकडाच्या रेषेत कड लागली, तर क्यू वापरणं थांबवा. हाताने केलेल्या स्प्लाइसचे सुळके टोकाला गोलसर असतात, मशीनच्या टोकदार. हाताची असेल तर दुरुस्तीला पैसे घालणं परवडतं. मशीनची, स्वस्तातली असेल तर तेवढ्या पैशात दुसरी क्यू येते. अर्थात किंमत म्हणजे सगळं नव्हे. स्कॉटलंडच्या स्टीफन हेंड्रीने स्नूकरची सात जागतिक विजेतेपदं जिंकली ती एका साध्या, स्वस्तातल्या क्यूने. २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली.

दुरुस्तीवाला कुठे शोधायचा? मुंबईत धोबी तलावच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत टिपा, खडू, फेरूल मिळतात आणि विचारलं तर माणूसही सांगतात. पण त्याहून खात्रीचा रस्ता म्हणजे जुन्या जिमखान्याचा मार्कर. क्यू देताना ‘आवाज येतो’ एवढंच सांगू नका. मास्किंग टेपच्या खुणा दाखवा, कोणता प्रयोग केला आणि काय ऐकलं ते सांगा, वजनाचा आकडा सांगा. आणि “चिकटवण्याआधी मला दाखवा” हे स्पष्ट बोला. माहिती असलेल्या गिऱ्हाइकाची क्यू जास्त जपून हाताळली जाते, हा माझा अनुभव.

बॅग, लोकल आणि पाऊस

सुटलेले बोल्ट निम्मे लोकलच सोडवते. डब्यात वरच्या रॅकवर ठेवलेली क्यू विरारपासून चर्चगेटपर्यंत थरथरत येते. बॅग उभी, बट खाली, दोन पावलांच्या मध्ये आणि अंगाला टेकवून धरा. गर्दीत लोकांना मच्छीमारीची काठी वाटते, वाटू द्या. बॅगेत क्यू हलत असेल तर टोकाला फोमचा तुकडा कोंबा. जॉइंट उघडलेल्या तुकड्यांना आट्यांची टोपी लावा, नसेल तर कापड गुंडाळा, पितळ पितळावर आपटू देऊ नका. पार्क केलेल्या गाडीच्या डिकीत क्यू ठेवायची नाही, एप्रिल-मेमध्ये तर नाहीच.

पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि महिन्याला बदला. भिजलेली बॅग घरी आल्यावर उघडी करून पंख्याखाली ठेवा, पण क्यू उन्हात नाही. आणि हॉलमध्ये पोहोचल्या पोहोचल्या जोडून मारायला घेऊ नका. बॅग उघडून पंधरा-वीस मिनिटं क्यूला तिथल्या हवेत राहू द्या, मग जॉइंट घट्ट करा. तेवढ्यात एक कटिंग चहा होतो आणि आधीच्या लोकांची फ्रेम, म्हणजे डावही, संपलेली असते.